दीदींचे टॉवेल

'निर्मळ' केंद्राच्या दाराबाहेर चपलांचा खच पडला होता. आत मुंगीला शिरायला जागा नव्हती, तरी बायका येतच होत्या. खुर्च्या संपल्या तेव्हा त्या सतरंजीवर बसल्या, सतरंजी भरली तेव्हा भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या होत्या. समोरच्या चौथऱ्यावर प्लास्टिकचा पारदर्शक टब होता, टबात कोमट पाणी होतं आणि पाण्यात एका बाईचे दोन पाय होते.

"बघा," निर्मळदीदी म्हणाल्या. "नीट बघा. पापणीसुद्धा लववू नका."

पाणी मघाशी पिण्याच्या पाण्यासारखं स्वच्छ होतं. दोन पायांच्या मधे वायरला लावलेली एक गोल डबी बुडवून ठेवली होती. तिच्याभोवती आधी बारीक बुडबुडे उठले. मग एक तपकिरी ढग पसरला, त्यात काळे कण तरंगायला लागले, वर मळकट फेस आला, आणि बघता बघता पाणी इतकं गढूळ झालं की पायांची बोटं दिसेनाशी झाली. हॉलभर एकच "अगंबाई!" उठलं.

"हे आपण पोटात घेऊन फिरतो!" दीदींचा आवाज चढला. "शरीर म्हणजे काय? नदी! नदीत गाळ साठतो. बाईच्या शरीरात गाळ कुठे साठतो? गर्भाशयात! आणि डॉक्टर काय करतो? गाळ काढतो? नाही! नदीच कापून टाकतो! आमचं यंत्र कापत नाही, टोचत नाही. तळपायाला हजारो छिद्रं असतात. त्यातून ते विष ओढून घेतं, बस्स!"

तळपायापासून गर्भाशयापर्यंत नेमकी कुठली नळी जाते, हे विचारायचं त्या हॉलमधे कुणालाही सुचलं नाही. दीदींनी पांढरा कोट घातलेला, गळ्यात डॉक्टरांसारखी नळी लटकवलेली, भिंतीवर रंगांचा मोठा तक्ता टांगलेला. तपकिरी म्हणजे गर्भाशय, काळे कण म्हणजे साठलेली चिंता, फेस म्हणजे गिळलेला राग. गिळलेला राग पायातून फेस होऊन बाहेर पडतो म्हणे! तसं असतं तर त्या हॉलमधल्या बायकांच्या फेसात अख्खा गाव बुडाला असता.

टबातले पाय थोरलीचे होते. तिची पर्स आणि चपला सांभाळत धाकटी पहिल्याच रांगेत उभी होती. दोघी सख्ख्या जावा. लग्न होऊन आली तेव्हा धाकटीला साधा भात लावता येत नव्हता. थोरलीने एका शब्दाने कुणाला कळू न देता तिला सगळं शिकवलं होतं. त्या दिवसापासून धाकटीचा तिच्यावर जीव होता.

"आता सांगा," दीदींनी थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला, "मागच्या वेळेपेक्षा पाणी फिकं आहे की नाही?"

"आहे," थोरली म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाणी खरंच फिकं होतं. धाकटीनेही ते पाहिलं, आणि देवाची शपथ, तिलाही त्या क्षणी बरं वाटलं.

थोरलीची पाळी बंद होऊन चांगली दोन-अडीच वर्षं झाली होती. सुटलो एकदाचे, असं म्हणून तिने कपाटातल्या पाळीसाठी ठेवलेल्या कोऱ्या कापडाच्या घड्या कधीच दुसऱ्यांना देऊन टाकल्या होत्या. आणि मग एके दिवशी पुन्हा डाग दिसला. आधी थोडा, मग पुन्हा थोडा. धाकटीच्या सांगण्यावरून ती दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी करायला सांगितली, पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायचा म्हणून तारीख दिली. 'तुकडा' या शब्दाचाच थोरलीने धसका घेतला. त्याच आठवड्यात शेजारणीने तिला दीदींकडे आणलं.

आणि दीदी काय म्हणाल्या? "रक्त जातंय? अहो, उत्तम! घाण निघायला लागली! जितकं जाईल तितकं जाऊ द्या. डॉक्टरकडे गेलात तर तो हे थांबवेल आणि विष आतच राहील."

थोरलीने दवाखान्याची तारीख चुकवली. पुढचीही चुकवली.

*

धाकटी एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे गाऊन, हॉलचे पडदे, असं सगळं गाड्या भरभरून यायचं. एकीकडे धुण्याचे अवाढव्य ड्रम गरगरत असायचे, दुसरीकडे इस्त्रीच्या रुळांची वाफ. मधे डागांचं टेबल होतं. ड्रममधून निघूनही जो डाग हटत नाही, तो या टेबलावर यायचा आणि धाकटीच्या हाताखालून जायचा. रक्ताला थंड पाणी, शाईला स्पिरिट, तेलकटाला साबण, गंजाला गंजाचं औषध. रक्ताला गरम पाणी लावायचं नाही, गंजाला ब्लीच लावायचं नाही, नाहीतर डाग जन्मभराचा बसतो. इतक्या वर्षांत हे सगळं तिच्या बोटांत मुरलं होतं. कपडा हातात आला की डोकं चालवायची गरजच उरली नव्हती.

दीदींच्या केंद्राचे टॉवेलही तिथेच धुवायला यायचे. पाय पुसून पुसून कडेला तपकिरी झालेले, कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याने 'निर्मळ' असं विणलेलं. धाकटी ते जरा आदरानेच उचलायची. कुणाकुणाचं दुखणं पुसलंय यांनी, असं तिला वाटायचं.

टेबलावरची मुकादमबाई आवाजाने सगळ्यांना परिचित होती. मागून सगळ्या तिला करवत म्हणायच्या. त्या दिवशी करवत रिकामा डबा आपटत आली.

"गंजाचं औषध पुन्हा संपलं? पीत बसता की काय तुम्ही? हॉटेलवाल्यांच्या खाटा गंजल्यात का सगळ्या?"

"हॉटेलांना नाही हो लागत," धाकटी हातातलं काम न थांबवता म्हणाली. "दीदींच्या टॉवेलांना लागतं. दुसऱ्या कशाने तो डाग हलतच नाही."

"का? तिथे काय गंजतं एवढं?"

"गंजत नाही काही. ते बायकांच्या अंगातलं..."

धाकटीचं वाक्य तोंडातच राहिलं. हातात टॉवेल होता. टॉवेलवर तपकिरी डाग होता. डागावर तिने आत्ताच औषध टाकलं होतं आणि तो तिच्या डोळ्यांदेखत विरघळत होता. गंज विरघळतो तसा. रक्त असतं तर या औषधाने ते हललं नसतं. चिंता असती, राग असता, तर त्यांना काय लागतं ते तिला माहीत नव्हतं, पण गंज तिला माहीत होता. आठवड्यामागून आठवडे ती हा डाग काढत होती. स्वतःच्या हाताने, गंजाचं औषध म्हणून ठळक लिहिलेल्या डब्यातून औषध ओतून! आणि संध्याकाळी जाऊन त्याच पाण्यापुढे हात जोडत होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दीदींचा राग आला, त्याहून स्वतःचा आला. ज्या डोळ्यांना चादरीवरचा चहाचा आणि कॉफीचा डाग लांबून ओळखता येतो, ते डोळे त्या हॉलच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवले होते की काय?

"काय झालं गं?" करवतीने विचारलं.

"काही नाही," धाकटी म्हणाली. "मला एक बाटलीभर औषध घरी न्यायचंय. पगारातून कापा."

*

घरी आली तर मोरीत बादली भिजत होती. थोरली आपले कपडे हल्ली वेगळे भिजवायची आणि कुणी उठायच्या आत धुऊन टाकायची. आज ती विसरली असावी. बादलीतलं पाणी धाकटीला सगळं सांगून गेलं. हा काही एखादा डाग नव्हता. आणि हा गंजही नव्हता.

"ताई, दवाखान्यात चला," ती स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली. "उद्याच चला. तो टब खोटा आहे. ते पाणी म्हणजे निव्वळ गंज आहे. मी रोज तो डाग काढते, मला कळतं."

थोरलीने कणीक मळता मळता मान वर केली नाही. "तुला कपड्यांमधलं कळतं. शरीरातलं दीदींना कळतं."

"रक्त किती जातंय ते मी बघितलंय बादलीत."

"हळू बोल!" थोरलीचा चेहरा लाल झाला. "आई ऐकतील."

"ऐकू देत! जीव तुमचा आहे."

"म्हणूनच सांगते. डॉक्टर तुकडा काढणार, मग काहीतरी निघालंय म्हणणार, मग पिशवी काढणार. मला नाही कापून घ्यायचं. दीदींकडे पाणी फिकं होतंय माझं. तू स्वतः बघितलंस ना?"

धाकटीने बघितलं होतं. पाणी फिकं होत होतं, हे तर खरंच होतं. ते का होतं, हे तिला अजून उमगलं नव्हतं.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा असायचा, आणि या विषयावरचा त्यांचा शब्द सगळ्यांना पाठ होता. तोच त्यांनी पुन्हा सांगितला. "या घरात असल्या गोष्टींची चर्चा होत नाही. बाईने बाईचं झाकून ठेवावं." मग जरा थांबून म्हणाल्या, "उद्या मीपण येते तुमच्या त्या दीदींकडे. माझे गुडघे दाखवते. म्हणजे एकदाचं तुमचं भांडण मिटेल."

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. आता तिघी त्या टबाच्या नादी लागणार, एवढंच तिला दिसत होतं. पण पिशवीत औषधाची बाटली आणि दीदींचाच एक डागाळलेला टॉवेल तिने भरला. करवतीलाही निरोप धाडला की गंमत बघायची असेल तर ये.

*

दुसऱ्या दिवशी हॉल तसाच तुडुंब होता. धाकटी या वेळी दीदींकडे बघतच नव्हती. ती बघत होती दीदींच्या यजमानांकडे. त्यांना सगळे 'सर' म्हणायचे आणि सरांचं काम एकच, टबातल्या पाण्यात मीठ टाकायचं. समुद्राचं खास मीठ, मंतरलेलं. पहिल्यांदाच आलेली बाई बसली की सर मूठभर मीठ टाकत. पाणी लगेच काळंकुट्ट. जुनी बाई बसली की सर बोटांच्या चिमटीत येईल तेवढंच टाकत. पाणी फिकं. जुनी बाई हुरळून घरी जाई, पुढच्या खेपेला बहिणीला घेऊन येई.

धाकटीने थोरलीचा दंड घट्ट धरला. "मीठ बघा," ती कुजबुजली. "नुसतं मीठ बघा." थोरलीने हात सोडवून घेतला.

सासूबाईंची पाळी आली. त्यांनी लुगडं घोट्यापर्यंत सावरून पाय टबात ठेवले. सरांनी भरघोस मूठ सोडली. दीदींनी डोळे मिटून खटका दाबला. पाणी उकळी फुटावी तसं खदखदलं आणि गढूळ होत गेलं.

"अरेरे, आजी!" दीदींनी कळवळून मान हलवली. "वय झालं तरी गर्भाशय काही विसरत नाही हो. बाळंतपणापासूनचं सगळं धरून ठेवलंय त्याने. हे काळे कण दिसतात ना? तुमच्या गर्भाशयाच्या भिंतीवरून सुटून आलेत."

"कशाच्या भिंतीवरून?" सासूबाईंनी विचारलं.

"गर्भाशयाच्या."

"कुणाच्या?"

"तुमच्याच, आजी."

"नक्की माझंच ना? शेजारच्या कुणाचं आलं नसेल?"

दोघीचौघी हसल्या. दीदीही समजूतदारपणे हसल्या. "यंत्र खोटं बोलत नाही, आजी. तुमचं गर्भाशय आत्ता या क्षणी मोकळं होतंय. हलकं वाटतंय ना ओटीपोटात?"

सासूबाईंनी पाण्याकडे बघितलं, मग पहिल्या रांगेतल्या थोरलीकडे बघितलं. थोरली पांढरीफटक पडली होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, आणि ती आशेने त्या गढूळ पाण्याकडे बघत होती. सासूबाईंचा चेहरा हळूहळू असा काही झाला की धाकटी घाबरली. तिला वाटलं, यांना भोवळ येतेय.

"मला पिशवी नाही," सासूबाई म्हणाल्या.

हॉलमधे कुणाला नीट ऐकू गेलं नाही. मग त्या पुन्हा म्हणाल्या, आणि या वेळी भिंतीपाशी उभ्या असलेल्या बाईलाही ऐकू गेलं. "मला गर्भाशय नाही. ही थोरली सून घरात यायच्याही आधी काढून टाकलंय. गाठी झाल्या होत्या त्यात. रक्त जाऊन जाऊन मी मोरीत कोसळले, तेव्हा कुठे नेलं मला दवाखान्यात. माझ्या सासूने सांगितलं, पिशवी काढली म्हणू नकोस, लोक अर्धी बाई म्हणतील. म्हणून मी सगळ्यांना आतड्याचं ऑपरेशन सांगितलं. माझ्या पोरांना नाही माहीत. या सुनांना नाही माहीत. आज सांगतेय." त्या दीदींकडे वळल्या. "दवाखान्याने ती पिशवी कधीच नेऊन टाकली. मग हे कण तिच्या भिंतीवरून सुटून आले कसे? पत्ता विचारत आले का?"

दीदींच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण अशा लोकांची जीभ फार वेळ कोरडी राहत नाही.

"स्मृती!" दीदी ओरडल्या. "अवयव जातो, पण त्याची स्मृती राहते! ही त्या स्मृतीची घाण आहे!"

आणि संतापाची गोष्ट ही, की ते ऐकून मागच्या रांगेतल्या काही माना डोलल्या. खरंच डोलल्या! एवढं उघडं पडूनही!

धाकटी चौथऱ्यावर चढली. "आई, पाय बाहेर काढा. आता स्वच्छ पाणी भरा आणि कुणाचेच पाय न ठेवता यंत्र चालवा. बघू कुणाची स्मृती बाहेर येते."

"रिकामं यंत्र चालवत नाहीत!" सर लगबगीने वायर उपटायला धावले. "दोष लागतो! यंत्राला दोष लागतो!"

"वायरला हात लावशील तर बघ!" हा आवाज दाराकडून आला आणि त्याने खिडक्यांची तावदानं हलली. करवत गर्दीतून वाट काढत आली आणि सर आणि वायर यांच्या मधे कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. ड्रम आणि वाफेच्या गोंगाटात अख्ख्या लॉन्ड्रीला ऐकू जाणारा आवाज तो. सर जागच्या जागी थिजले.

दोन बायका टब ओतून आल्या. स्वच्छ पाणी भरलं. धाकटीने सरांच्याच बरणीतलं मूठभर मीठ टाकलं आणि खटका सासूबाईंनी दाबला. पाण्यात पाय नव्हते, गर्भाशय नव्हतं, बाळंतपणं नव्हती, राग नव्हता. बुडबुडे आले. तपकिरी ढग आला. काळे कण आले, फेस आला. पाणी मघासारखंच गढूळ झालं.

"हे आता कुणाच्या अंगातलं?" धाकटीने विचारलं. "टबाला पाळी येते का?"

तिने खटका बंद केला, गोल डबी पाण्यातून उचलली आणि तिचं झाकण फिरवून काढलं. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या होत्या, अर्ध्या खाल्लेल्या, कडा झिजून पातळ झालेल्या, अंगभर लालसर गंज. "ही बघा तुमची घाण. मिठाच्या पाण्यात लोखंड ठेवून वीज सोडली की ते झपाट्याने गंजतं. मीठ जास्त टाकलं की जास्त गंजतं. पहिल्यांदा आलात की मूठभर, रोज यायला लागलात की चिमूटभर. ताई, तुमचं पाणी म्हणून फिकं होत होतं."

मग तिने पिशवीतून टॉवेल काढला, 'निर्मळ' असं विणलेला कोपरा सगळ्यांना दाखवला, आणि डागावर औषध ओतलं. डाग विरत गेला. "हे गंजाचं औषध आहे. डब्यावर लिहिलंय. मी इतके दिवस याने दीदींचे टॉवेल धुतेय आणि इतके दिवस मी मूर्ख होते."

दीदी कोटाची बटणं लावत काहीतरी पुटपुटल्या, श्रद्धा नसेल तर गुण येत नाही वगैरे. कुणी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. कारण तेवढ्यात थोरली उठली होती. ती जन्मात कधी चार माणसांत बोलली नव्हती.

"माझी पाळी बंद झालीय," ती म्हणाली. "तरी मला पुन्हा रक्त जातंय. बरेच महिने. डॉक्टरांनी तपासायला बोलावलं होतं, मी गेले नाही. या बाईने सांगितलं, घाण निघतेय, जाऊ द्या."

ती एवढं बोलली आणि जणू एखादा बोळा निघाला. खिडकीपाशी उभी असलेली शिलाईवाली म्हणाली, "मला छातीत गाठ लागते. दुखत नाही, म्हणून कुणाला सांगितलं नाही." शाळेतली बाई म्हणाली, "मला खोकला आला की लघवी सुटते. वर्गात उभं राहायची लाज वाटते." कुणाचं अंग बाहेर येत होतं, पिशवीच खाली उतरत होती. कुणाला दर पाळीला इतकं जात होतं की जिना चढताना धाप लागायची, आणि ती वर्षानुवर्षं स्वतःला आळशी समजत होती. एकमेकींच्या शेजारी राहणाऱ्या, रोज नळावर भेटणाऱ्या बायका! भाजीचे भाव, सुनांच्या कागाळ्या, सगळं बोलून झालेल्या. हे एवढंच आजवर कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्या न सांगण्यावर दीदींचं दुकान उभं होतं.

*

डॉक्टरबाईंनी थोरलीला एक शब्दही रागावून विचारला नाही. त्यांनी फक्त पेन खाली ठेवलं आणि नीट समजावून सांगितलं. पाळी पूर्ण वर्षभर थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, एक थेंब का असेना, तर ते तपासून घ्यायचंच. पुष्कळदा कारण साधं निघतं, अस्तर सुकलेलं असतं, आत छोटा कोंब, म्हणजे पॉलिप, आलेला असतो. पण कधी कधी तो कर्करोगाचा पहिला इशारा असतो, आणि तो लवकर कळला तर बाई बरी होते.

"आणि ते विष?" थोरलीने विचारलं.

"विष काढायला तुमच्याकडे यकृत आहे, मूत्रपिंडं आहेत. रात्रंदिवस तेच काम करतात बिचारी. पायातून काढायची गरज पडत नाही."

तुकडा तपासायला गेला. निकाल यायची वाट बघत तिघी घरात वावरत होत्या. कुणाचं कामात लक्ष नव्हतं. सासूबाई एका संध्याकाळी थोरलीच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि लुगडं बाजूला करून त्यांनी पोटावरचा जुना व्रण तिला दाखवला. "बघ, अर्धी झाले का मी?" त्यांनी विचारलं. "मी बोलले असते तर तू त्या टबात पाय घातला नसतास." थोरली त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. धाकटी स्वयंपाकघरात उभी राहून रडली.

निकाल चांगला नव्हता. कर्करोग होता. पण तो अजून पिशवीच्या आतच होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, पिशवी काढू, मग पुढचं बघू, तुम्ही वेळेत आलात. आणि मग त्या असंही म्हणाल्या की आणखी काही महिने घाण निघू दिली असती तर हे वाक्य मला म्हणता आलं नसतं.

ऑपरेशन झालं. थोरली आता पुन्हा कणीक मळते, पूर्वीपेक्षा जास्त बोलते, आणि तपासणीची एकही तारीख चुकवत नाही. त्या हॉलमधल्या शिलाईवालीची गाठ साधी निघाली. शाळेतल्या बाईंना व्यायाम शिकवले, त्यांना फरक पडला. दीदी आणि सर टब, तक्ता, मिठाची बरणी घेऊन एका पहाटे गाव सोडून गेले.

गोष्ट इथे संपली असती तर फार बरं झालं असतं.

पावसाळा सरता सरता लॉन्ड्रीत एक नवं गाठोडं आलं. जवळच्या शहरातल्या कुठल्याशा केंद्राचं. धाकटीने गाठ सोडली आणि वरचाच टॉवेल उचलला. कोपऱ्यावर हिरव्या दोऱ्याने 'पावन' असं विणलं होतं. कडेला तपकिरी डाग होता. त्याच टॉवेलाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक डाग होता, काळपट लाल, वाळून कडक झालेला. तो गंजाचा नव्हता. तिथे कुणीतरी बाई बसली होती, तिला रक्त जात होतं, आणि तिला सांगितलं गेलं होतं की उत्तम, घाण निघतेय.

करवत टेबलापाशी आली आणि तिच्या खांद्यावरून बघत राहिली. "थंड पाणी देऊ?" तिने विचारलं. त्या आवाजात आज धार नव्हती.

"नको," धाकटी म्हणाली. "हा धुवायचा नाही."

तिने टॉवेलाची घडी घातली आणि पिशवीत ठेवला. औषधाची बाटली ठेवली. मग थोरलीला आणि सासूबाईंना फोन करून सांगितलं, चपला घाला, मी येतेय.

बायांनो, त्या तिघी तुमच्या गावात कधी पोचतील कोण जाणे. तोवर एवढं करा. कुणी तुमच्या पायाखालचं पाणी काळं करून दाखवलं, तर पाय बाहेर काढा आणि म्हणा, आता चालवून दाखव. आणि अंगावर रक्त दिसलं, गाठ लागली, दुखलं, ओघळलं, तर ते आधी एकमेकींना सांगा आणि मग लाज न धरता डॉक्टरला सांगा. झाकून ठेवू नका. तुम्ही झाकून ठेवलेल्या दुखण्यावर कुणीतरी मीठ टाकत बसलंय.